ज्ञानेशची काच

सिंधुबाईंनी मुलाच्या सामानाची पिशवी मांडीवर घेतली, पण त्या उठल्या नाहीत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या आणि छाया मॅडम दोघीच होत्या. ज्ञानेश मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. २००५ची दिवाळी करून गावाहून नाशिकला परत येताना चांदवडच्या घाटात त्याची मोटरसायकल घसरली. कुणाला दिसला तोवर तो गेलेला होता. त्याला महिना होऊन गेला. कांद्याची लागण अर्धी टाकून सिंधुबाई आज त्याचं सामान न्यायला आल्या होत्या.

"मॅडम, माझं पोरगं हितं करीत काय व्हतं? गावात कोणी इचारलं तर मला सांगता येत नाय."

छाया मॅडम सांगू लागल्या. अर्धवाहक, नॅनोकण, विद्युतक्षेत्र. सिंधुबाई नुसत्या मान डोलवत होत्या. ते पाहून मॅडम मध्येच थांबल्या. त्यांनी कपाटातून एक काचेची पट्टी काढली, यंत्रात बसवली आणि खिडक्यांचे पडदे ओढले.

अतिनील दिवा लावताच काचेवर नखाएवढा केशरी ठिपका उजळला.

"डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण आहेत यात. ज्ञानेशनं स्वतः बनवलेले. हा दिवा दाखवला की ते असे उजळतात. आणि विजेचा दाब दिला की..." मॅडमनी सिंधुबाईंचा हात धरून बटणावर ठेवला. "हे फिरवा."

सिंधुबाईंनी फिरवलं. ठिपका मंदावत मंदावत जवळजवळ दिसेनासा झाला. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"गेला का वो? म्या इझवला?"

"नाही मावशी. आता उलटं फिरवा."

उजेड परत आला. सिंधुबाईंना हुंदका फुटला, पण त्यांनी नजर हलवली नाही. पुन्हा फिरवलं. पुन्हा उलटं फिरवलं.

"फोनवर म्हणायचा, आई, आज त्यानं माझं आयकलं. कवा म्हणायचा, आज लय छळलं त्यानं. मला वाटायचं, कोणा दोस्ताचं सांगतोय."

मॅडमना हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचं लक्ष दिव्याकडे गेलं. या दिव्याखाली ते कण झिजत. उजेड हळूहळू उतरत जाई, तो कायमचा. ज्ञानेश म्हणूनच मोजण्यापुरता दिवा लावी आणि लगेच घालवी. विजेचं इतकं ऐकणारे कण फक्त त्यालाच साधले होते. त्याच्या बरोबरीच्या निकितानं महिनाभर खटपट केली, तिला जमले नाहीत. त्याच्या हातची ही एकच काच उरली होती. सोमवारी तिच्यावर शेवटची मोजणी घेतली की शोधनिबंध पुरा होणार होता. त्यावर पहिलं नाव ज्ञानेशचं होतं.

"मावशी..." आता पुरे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

सिंधुबाईंना ते ऐकूही गेलं नाही. पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली होती, त्याचंही त्यांना भान नव्हतं. त्या बटण फिरवत होत्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत होत्या, त्या उजेडाशीच.

मॅडमनी पिशवी उचलून टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढून त्या शेजारी बसल्या.

बराच वेळ गेला. बटण कितीही उलटं नेलं तरी ठिपका आता पहिल्यासारखा उजळेना.

"बारीक झाला वाटतं," सिंधुबाई म्हणाल्या. "म्या लय फिरवलं का?"

"नाही. त्याचं तसंच असतं."

सिंधुबाईंनी बटण सोडलं. हात मांडीत घेऊन त्या ठिपका उतरताना पाहत राहिल्या. तो पार दिसेनासा झाला तेव्हा मॅडमनी दिवा बंद केला. पडदे मात्र उघडले नाहीत.

"मॅडम," सिंधुबाईंनी अंधारातच विचारलं, "घाटात लय वेळ तसाच पडून व्हता म्हणत्यात. दुखलं आसंल का वो त्याला?"

त्या वेळी घाटात छाया मॅडम नव्हत्या. कुणीच नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही."