पहिली टोपी

व्हर्ना मिहालिकने एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि स्वयंपाकघरातून थेट माइकपाशी गेली.

सेंट बार्बरा चर्चच्या तळघरात 'लॉरेल गॅप म्यूल्स' या आमच्या आइस हॉकी संघाच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. संघ बंद पडून सव्वीस वर्षं झाली, मेळावा काही बंद पडला नाही. संघाचं नाव कोळशाच्या खाणीत गाड्या ओढणाऱ्या खेचरांवरून ठेवलेलं. गाव चाहत्यांनाही खेचरंच म्हणतं, आणि त्यांचा हट्ट पाहता त्यात काही चूक नाही. दर मार्चमध्ये व्हर्ना या दीडशे खेचरांसाठी बटाटा भरलेले पिरोगी वळायची, उकडायची, लोण्यात परतायची आणि मागच्या दाराने घरी जायची. सभागृहात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणून तिला माइकपाशी पाहून सगळ्यांचे काटे-चमचे थांबले.

"मार्सेल आलाय म्हणून बोलते," ती म्हणाली. "त्याच्यासमोरच बोलायचंय."

मार्सेल ट्रूडेल म्हणजे एकेकाळचा आमचा सगळ्यात चपळ गडी. आता दोन्ही गुडघे बदललेला. संघ गेल्यापासून तो पहिल्यांदाच क्यूबेकहून आला होता आणि सातव्या पिरोगीवर होता.

"शेवटच्या सामन्यात पहिली टोपी मी फेकली," व्हर्ना म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की प्रेक्षकांनी टोप्या बर्फावर भिरकावायच्या, ही रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी व्हर्ना कॉफीच्या रांगेत असताना आतून मार्सेलच्या नावाचा गजर झाला. तिने एक गोल मोजला. पंचांनी तो लगेच रद्द केला, हे तिला कुणी सांगितलं नाही. जागेवर परतल्यावर सांगायला नवरा होता शेजारी, पण तो पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यात गुंतला होता. त्यामुळे मार्सेलचा दुसरा गोल तिच्या हिशेबी तिसरा ठरला आणि तिने टोपी फेकली. तिची पाहून मागच्यांनी फेकल्या, त्यांच्या पाहून आणखी मागच्यांनी. बर्फावर सहाशे टोप्यांचा खच पडला. विनाकारण खेळ अडवला म्हणून पंचांनी आमचा एक गडी दोन मिनिटं बाहेर बसवला, तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. एका गोलाने सामना गेला, सामन्यापायी पुढची फेरी गेली आणि त्याच उन्हाळ्यात संघाला टाळं लागलं.

"माझ्यामुळे गेला संघ," व्हर्ना म्हणाली. "तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून चुलीपाशी लपून राहिले. आता काय बोलायचं ते बोला."

बर्नी वास्को उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. व्हर्नाने माइकचा दांडा घट्ट धरला.

"साफ खोटं," बर्नी म्हणाला. "पहिली टोपी माझी होती. पिवळी, कानपट्ट्यांची. सगळ्यांनी पाहिलीय."

"बर्नीकाका, तुमची टोपी पुढच्या माणसाच्या टकलावर पडली," मागून लोरेटा म्हणाली. "बर्फापर्यंत गेलीच नाही. पहिली माझ्या बाबांची. मी त्यांच्या मांडीवर होते."

"तू पाच वर्षांची होतीस, तुला काय कळतंय?"

तिसरा उठला, चौथा उठला. फादर स्टीफनसुद्धा हात वर करून उभे राहिले. त्या वर्षी ते आमच्या गावात नव्हतेच, याची त्यांना आठवण करून द्यावी लागली. हे भांडण दरवर्षी व्हायचं, पिरोगी संपल्यावर. तोवर व्हर्ना घरी पोचलेली असायची.

"अरे, मी माफी मागतेय," ती म्हणाली.

"माग की. पण रांगेत ये," बर्नी म्हणाला. "तुझा नंबर चौदावा."

तिला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तिला संताप आला. सव्वीस वर्षं ज्या पापापायी तिची झोप उडाली, ते हे लोक तिच्या हातातून हिसकावून घेत होते, आणि तेही हसत हसत.

"मार्सेल, तू सांग," ती म्हणाली. "नुकसान तुझं झालं."

मार्सेलने तोंड पुसलं. "बाई, मी नऊ वर्षं खेळलो. एका सामन्यात तीन गोल मला कधीच जमले नाहीत. पण टोप्या पडल्या, हे नातवंडांना सांगतो. सहाशे टोप्या."

"दोन गोलांत," बर्नी म्हणाला.

"दोन गोलांतच. तीन करून काय, कुणालाही मिळतात."

सगळं तळघर हसलं. व्हर्नालाही हसू फुटलं, ते आवरता आवरता डोळे भरून आले. मार्सेलने आपली खुर्ची भिंतीशी ओढली आणि शेजारी एक रिकामी ठेवली.

"फोटो काढू," तो म्हणाला. "पहिली टोपी ज्याची, त्याने इथे बसायचं."

तेरा खुर्च्या एकदम सरकल्या. बर्नी दुखऱ्या कमरेच्या मानाने फारच जोरात धावला आणि बूड टेकणार, तेवढ्यात पिठाने माखलेला एक हात त्याच्या छातीवर आला.

"हो बाजूला," व्हर्ना म्हणाली. "संघ मी बुडवलाय."