तळाशी

गंगापूर धरणाच्या काठावर मयूरने आपल्या सपाट बोटीच्या मागच्या बाजूला, पाण्यात बुडेल असा, मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर बसवला. पडद्यावर तळाची रेघ उमटली तसं त्याला हायसं वाटलं.

शेजारच्या कमळाबाई पाणी भरता भरता थांबल्या. "यात नुसता मासाच दिसतो का रे?"

"नाय काकू. तळाला जे असंल ते दिसतं."

बोलून गेल्यावर तो चपापला. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाच्या, सोमनाथच्या चपला पलीकडच्या काठावर सापडल्या होत्या. सोमनाथ सापडला नव्हता.

"आधी तिकडंच जाऊ, काकू," तो हळूच म्हणाला.

कमळाबाईंनी बोटीचा दोर घट्ट धरला.

"तिकडं नको नेऊ, बाबा. तो कुठंतरी कामाला गेलाय, असं म्हणून मी दोन घास खाते."