प्रतिकृती परत का आली

व्हिसा कार्यालयाने शलाकाचा अर्ज तिसऱ्यांदा नाकारला. कारण तेच होतं: अर्जदार चौथ्या वर्षी मायदेशी परतली.

शलाका मिरज सोडून कुठेच गेली नव्हती. गेली होती ती तिची संगणकातली प्रतिकृती. हल्ली प्रत्येक अर्जदाराच्या प्रतिकृतीला, जिथे जायचं त्या देशात आधी दहा वर्षं राहायला लावत. यंत्रात त्याला सात मिनिटं लागत. प्रतिकृती तिथे टिकली, तरच माणसाला व्हिसा मिळे.

"अर्ज आमच्यावर सोपवा, मॅडम," सल्लागार रेगे म्हणाले. त्यांनी सविस्तर अहवाल मागवला होता. "तुमच्या आत्याची दृष्टी जाते आणि प्रतिकृती नर्सची नोकरी सोडून परत येते. तिन्ही वेळा हेच. आम्ही तिची आत्याबद्दलची ओढ थोडी कमी करून पाठवू. सगळेच करतात."

"दृष्टी जाणार हे यंत्राला कुठून कळलं?"

"आत्यांच्या जुन्या तपासण्यांवरून. काचबिंदू दिसतोय, अगदी सुरुवातीचा."

"आणि हे आम्हाला कोणी कळवलं नाही?"

"अर्जाशी त्याचा संबंध नसतो, मॅडम."

रेग्यांनी पुढे केलेल्या करारावर शलाकाने सही केली नाही. अहवाल मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि जिन्यातूनच फोन लावला.

"आत्या, तयार होऊन बस. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

"आणि तुझ्या अर्जाचं काय?"

"तो मीच भरणार आहे. त्याला लागणारा पहिला कागद, तुझ्या डोळ्यांवर उपचार सुरू झाल्याचा, तुझ्या डॉक्टरांकडूनच आणायचाय."