यंदाचं एक नंबर गाणं

वानखडे सर अमरावतीच्या शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा कान काही निवृत्त झाला नाही. एफएमवर ते स्कुटीवाल्या पोरीचं गाणं लागलं, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ना सूर, ना ताल, नुसते पत्र्यावर गोटे पडल्यासारखे आवाज! वर्षभर त्यांनी रोज सकाळी, चहाच्याही आधी, रेडिओवाल्यांना फोन लावला.

"ते स्कुटीचं गाणं बंद करा आधी. गाणं हाय का गुरांचा बाजार?"

तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणायची, "स्कुटीचं गाणं ना, सर? नोंद केली."

"आवडत नाई तं आयकता कावून?" त्यांच्या बायको गीतांजलीबाई वैतागायच्या.

"मी नाई आयकलं तं या अडाण्याइले सुधरवीन कोन? आपल्या फोनची नोंद होते तिथं!"

३१ डिसेंबरला वर्षातली दहा गाजलेली गाणी लागली. दहाव्या नंबरापासून दुसऱ्या नंबरापर्यंत सगळी वाजून झाली, स्कुटीचं नावही निघालं नाही. सरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "पाह्य, हाकललं ना शेवटी!"

 

रेडिओवरची पोरगी चिवचिवली, "आणि सगळ्यात जास्त फोन आलेलं यंदाचं एक नंबर गाणं, स्कुटी! हे खास आपल्या वानखडे सरांसाठी, ज्यांनी याच गाण्यासाठी वर्षभर एकही दिवस न चुकता फोन केला!"