तानाबाईचा पुतण्या

“मुलगा आहे?” साहेबांनी विचारलं.

“मेला,” तानाबाई म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या बबनरावला हायसं वाटलं. दोन दिवस घोकून घेतलेला शब्द म्हातारीनं न अडखळता म्हटला होता. त्याच्या मते तिच्या डोक्यात आता भुसा उरला होता. साहेबाच्या डोक्याबद्दलही त्याचं मत फारसं वेगळं नव्हतं. म्हाताऱ्यांना पेन्शन देण्याची योजना साऱ्या देशात आणण्याआधी सरकार ती म्हणे चार गावांत करून पाहणार होतं. वय पासष्टीच्या वर हवं आणि सांभाळणारं कोणी नको, एवढीच अट. महिन्याला वीस रुपये. एवढ्या भोळ्या सरकारला न लुटणं बबनरावला पाप वाटत होतं.

“तुम्ही कोण?”

“पुतण्या, साहेब. मीच पाह्यतो काकीले.”

शाळेच्या ओट्यावरच्या बाया पदराआड हसल्या. बबनरावनं नुसतं वळून पाहिलं, तशा गप्प झाल्या. महिन्यापूर्वी बदलून आलेल्या पटवाऱ्यानं दफ्तर चाळून सांगितलं, “बाईच्या नावावर जमीन नाही.”

“सून? नातू?” साहेबांनी पुढचा रकाना वाचला.

“कोनी नाही जी,” बबनरावनंच उत्तर दिलं. “लग्नाच्या आधीच गेला बिचारा.”

घरी त्याची बायको आणि तीन पोरं जेवायला त्याची वाट पाहत होती.

साक्षीदार म्हणून त्यानं वाचता येणार नाही अशी सही ठोकली. मग म्हातारीचा अंगठा धरून शाईवर दाबला. सात वर्षांपूर्वी बापाच्या तेरवीला त्यानं तो असाच दाबला होता आणि आठ एकर वावर एकट्याच्या नावावर करून घेतलं होतं. तेव्हापासून तानाबाई गोठ्यात निजायची. सारे जेवल्यावर उरलं तर खायची.

तिनं अंगठा पदराला पुसला. पण उठली नाही.

“पटवारीदादा, माह्या पोराच्या नावानं आठ एकर वावर हाये. बबन नानाजी. पाहा बरं.”

पटवाऱ्याचं बोट ओळीओळीनं खाली गेलं आणि थांबलं. “आहे.”

“तो तं मेला. मंग आता वावर कोनाचं?”

“बायको-पोरं नाहीत म्हणता. मग आईचंच.” पटवाऱ्यानं कोरा कागद ओढला. “मेला कधी?”

“सात वर्षं झाले. बापाच्या तेरवीलेच.”

साहेबांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली. “आठ एकर असतील तर पेन्शन मिळणार नाही, बाई.”

“कायले पाह्यजे मले?”

पटवाऱ्यानं लिहायला सुरुवात केली. बबनरावनं ओट्यावर पाहिलं. आता कोणी पदर तोंडाशी नेला नव्हता. साऱ्या उघड हसत होत्या. आपण जिवंत आहोत म्हणावं, तर खोट्या साक्षीखालची शाई अजून ओली होती. तो म्हातारीच्या कानाशी वाकला.

“माय,” तो म्हणाला, “माय, काही तरी बोल न वं.”

सकाळपासून पहिल्यांदाच तानाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

“काकी म्हन, बापू,” ती म्हणाली. “साहेब ऐकून राह्यले.”