काचेतले बूट

जे बूट घालून ल्यूथर आजोबांनी बॉल्टिमोरची बास्केटबॉलची मैदानं गाजवली, अगदी तसेच बूट कंपनीने चाळीस वर्षांनी पुन्हा काढले. त्यांच्या नातवाने, मार्कीझने, पहाटेपासून रांग लावून एक जोडी मिळवली आणि थेट काचेच्या कपाटात ठेवली. घालायचे नाहीत, नुसते बघायचे. चालताना चामड्याला एक सुरकुती पडली, की गेली सगळी शान.

रविवारी तो घरी आला, तर कपाट उघडं. आजोबा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी बसून खालच्या पोरांचा खेळ बघत होते, आणि बूट त्यांच्या पायात.

"अहो आजोबा, काय केलंत हे? पाडल्यात ना सुरकुत्या?"

आजोबांनी व्हीलचेअर सावकाश त्याच्याकडे वळवली.



"बघ की, एकही नाही. त्यासाठी चालावं लागतं."