सगळं ठीकठाक

"मार्क उत्तमच आहेत हो ताई, पण एवढे मार्कवाले आता पैशाला पासरी मिळतात," कॉलेज-प्रवेशाचे सल्लागार आईला म्हणाले. "मार्क सारखे असले, की अर्जातला निबंध बघतात. पोरीने काहीतरी सोसलेलं दिसायला हवं त्यात. तुमच्या घरी तर सगळंच ठीकठाक!"

संसाराला दृष्ट लागू नये म्हणून आजवर जपत आलेली आई जिना उतरताना पहिल्यांदाच आपल्या सुखावर चिडली.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "गाठ पसरलीय. फार उशीर झाला." शेजारी बसलेली लेक तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. आईने तिचे डोळे पुसले, कपाळावरचे केस मागे सारले आणि हळूच विचारलं,



"अर्जाची तारीख अजून गेली नाही ना गं?"